जुना हॉट टब कितीही घासला तरी चौथ्या दिवशी पाणी गढूळ? घाण टबात नाही, पाइपात आहे

जुना हॉट टब आणला, घासूनपुसून लख्ख केला, पाणी भरलं, क्लोरीन टाकलं. तीन दिवस पाणी काचेसारखं नितळ. चौथ्या दिवशी जेट (टबाच्या भिंतींतून पाण्याचा झोत सोडणारी तोंडं) सुरू केले आणि पाण्यावर करडे-तपकिरी पापुद्रे तरंगायला लागले. कडेने फेस धरला. ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहिल्यावर येतो तसला कुबट वास. पाणी सोडून दिलं, पुन्हा घासलं, पुन्हा भरलं. चौथा दिवस उजाडला आणि ये रे माझ्या मागल्या.

माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. दोन वेळा हजार-बाराशे लिटर पाणी ओतून दिल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असा हा कारभार चाललाय. मी घासत होतो तो टब आधीच स्वच्छ होता. ज्याने विकला त्यानेही तो पुसूनच दिला होता. विकणारा तेवढंच पुसतो जेवढं घेणाऱ्याला दिसतं. बसायच्या जागांच्या मागे, खाली, पॅनेलच्या आत कित्येक मीटर पाइप वळसे घेत गेलेले असतात. तिथे ना फडकं पोचतं ना नजर.

जुना टब घेतला असेल आणि अजून एकदाही भरला नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. हे वाचून क्रम उलटा करा: आधी पाइप, मग बाकी सगळं. आणि माझ्यासारखे दोन-तीन फेऱ्या करून वैतागला असाल तर आधी नक्की काय तरंगतंय ते ओळखूया, कारण प्रत्येक गढूळ पाण्याचं कारण एकच नसतं.

आधी चिमटीत धरून बघा

तरंगणारा एखादा कण बोटांवर घ्या आणि चिमटीत चोळा. करकरीत, वाळूसारखा लागला, पांढरट असला, तर तो क्षार. खात्री करायची तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या दोन थेंबांत टाका. बुडबुडे येऊन विरघळला की समजा हीटरवरचा किंवा पाइपातला क्षाराचा थर सुटून येतोय. चोळल्यावर बुळबुळीत लागला, पसरला, बोटाला करडा डाग सोडला, तर ती बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर. काळे, रबरासारखे, ताणले तर तुटणारे तुकडे असतील तर कुठला तरी गॅस्केट किंवा डोकं टेकायची उशी कुजत आलीये. तो सफाईचा नाही, सुटे भाग बदलायचा विषय.

कण दिसत नाहीत, नुसतंच पाणी धुरकट आहे? पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन दहा मिनिटं ठेवा. धुरकटपणा खालून वर निवळत गेला तर ती नुसती हवा आहे. कुठला तरी जोड हवा ओढतोय किंवा पाण्याची पातळी कमी आहे. तळाशी साका बसला तर फिल्टर नीट काम करत नाही. दहा मिनिटांनीही ढिम्म फरक नाही, तर जिवाणू, साबण-तेलाचे अंश किंवा बिघडलेला पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा), यांपैकी काहीतरी.

पाणी नितळ आहे पण हिरवट झाक आहे, असंही होतं. शेवाळ म्हणून लोक लगेच क्लोरीन ओततात. कव्हराखालच्या अंधारात शेवाळ फारसं वाढत नाही. नितळ हिरवं पाणी बहुतेक वेळा तांब्यामुळे होतं. पाणी आम्लधर्मी राहिलं की धातूचे भाग झिजतात आणि तो रंग येतो. पीएच तपासा.

फेसाचं म्हणाल तर त्याचा दोष बऱ्याचदा आपल्याच अंगावर असतो: लोशन, शाम्पू, कपड्यांतून आलेला डिटर्जंट. पण कुणी आत उतरलेलंच नाही आणि तरी फेस येतोय, तर एक तर आधीच्या मालकाची पुंजी पाइपात आहे, नाहीतर तुम्ही टब बाथरूम क्लीनरने घासलाय. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. त्यानंतर आठवडाभर माझ्या टबाला बिअरच्या ग्लासासारखी टोपी होती.

पाइपात बसलेलं असतं तरी काय

एक जेट काढून बघा. बहुतेक जेटचं तोंड डावीकडे जोर लावून फिरवलं की टक् आवाज करून हातात येतं. मी काढलं तेव्हा पुढची स्टीलची कड आरशासारखी चमकत होती. मागच्या बाजूला बोट घातलं तर शेंबडासारखा करडा लिबलिबीत थर, आणि त्यात कुणाचा तरी एक लांब केस. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्या केसानंतर माझी दोन रात्री टबात उतरायची इच्छाच मेली.

हा थर तिथे का टिकतो हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. टब रिकामा केला तरी पाइपांच्या खोलगट वळणांत, पंपाच्या पोटात, हीटरच्या नळीत पाणी उरतंच. टब विकायला काढण्याआधी महिनोन्‌महिने तसाच पडून राहिलेला असतो. ओल, अंधार, आधीच्या लोकांच्या अंगाचं तेल आणि मृत त्वचा: जिवाणूंना आणखी काय हवं? पूर्ण वाळला तरी तो थर मेलेला नसतो. पाणी आणि ऊब मिळाली की पुन्हा उठून बसतो.

आणि क्लोरीनने तो का जात नाही? क्लोरीन आधी वरच्या पापुद्र्याशी झगडतं आणि तिथेच खर्ची पडतं. आतले जिवाणू चिकट आवरणाखाली सुखरूप. म्हणून पाणी तीन दिवस छान दिसतं, क्लोरीनचा जोर ओसरला की थर पुन्हा वाढतो, जेटचा झोत लागला की त्याचे तुकडे सुटतात आणि तुम्हाला चौथ्या दिवशी पापुद्रे दिसतात.

हा नुसता किळस येण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. या थरात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असू शकतो. त्याच्यामुळे अंगावर खाजरं, पुटकुळ्यांचं पुरळ येतं, बहुधा पोहायच्या कपड्याखाली जास्त. त्याहून गंभीर आहे तो लीजनेला. तो पाण्यात उतरल्याने नाही, तुषार श्वासात गेल्याने फुप्फुसात पोचतो. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात एक व्हर्लपूल (असाच जेटवाला टब) नुसता दाखवायला चालू ठेवला होता. लोक शेजारून चालत गेले. किमान ३२ माणसं दगावली. म्हणून पहिल्या सफाईच्या वेळी, पाइपातली घाण जेटमधून उसळत असताना, टबावर वाकून तोंड घालून बघत बसू नका. जागा उघडी, हवेशीर ठेवा. घरात पन्नाशीच्या पुढचं, धूम्रपान करणारं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांना त्या दिवशी लांब ठेवा.

माझ्या तीन फसलेल्या फेऱ्या

पहिली सांगितलीच: नुसता टब घासला.

दुसऱ्या वेळी भरपूर क्लोरीन ओतलं. इथे एक गंमत झाली, ती नवख्यांना हमखास चकवते. भरमसाठ क्लोरीन टाकून टेस्ट स्ट्रिप बुडवली तर ती पांढरीच राहिली. मला वाटलं क्लोरीन संपलं, म्हणून आणखी टाकलं. खरं तर क्लोरीन खूप जास्त झालं की ते स्ट्रिपचा किंवा थेंबांच्या चाचणीचा रंगच उडवून टाकतं. रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही असं नसतं. शंका आली तर टबातलं एक भाग पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा चाचणी करा आणि येईल त्या आकड्याला १० ने गुणा. मी केलं असतं तर उशांचा रंग उडाला नसता.

तिसऱ्या वेळी मात्र मी पाइप सफाईचं जेल आणलं. हे पर्ज म्हणून मिळतं. त्याचं काम जंतू मारायचं नाही, थर भिंतीपासून सोडवायचं आहे. निघालं ते बघण्यासारखं होतं, पुढे सांगतो. पण तरीही सहाव्या दिवशी क्लोरीन झपाट्याने उतरायला लागलं. कारण मी जुना फिल्टर नळाखाली धुऊन परत बसवला होता. पाण्याखाली धरला तेव्हा तो पांढराशुभ्र दिसत होता. वैतागून मी तो कापला आणि त्याच्या घड्या उलगडल्या. वरच्या कडा पांढऱ्या, घड्यांच्या तळाशी तपकिरी चिखल, हाताला बुळबुळीत. म्हणजे सगळा टब स्वच्छ करून मी त्यात पुन्हा विरजण घातलं होतं. जुन्या टबाबरोबर आलेला फिल्टर, कितीही चांगला दिसो, टाकून द्या. यात कंजुषी नको.

चौथ्या वेळी केलं ते असं

वीज लावण्याआधी पॅनेल उघडून आत टॉर्च मारा. ऊब टिकवायला आत जो फोम भरलेला असतो त्यात उंदरांना घर करायला फार आवडतं, आणि ते वायरीही कुरतडतात. हीटर सुरू होताच ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर सफाई बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बहुतेकदा हीटरचं एलिमेंट गेलेलं असतं. पाणी आणि वीज एकत्र असताना प्रयोग नकोत. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या टबाचे रबरी सील आक्रसलेले असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी एखादा जोड थोडा पाझरला तर लगेच घाबरू नका. हाताने नट आवळा आणि एक दिवस बघा.

मग टब न घासता भरा. होय, न घासता. तळातला पालापाचोळा, गाळ काढा आणि तेवढ्यावर थांबा. पाइपातून निघणारी घाण कडेला चिकटणारच आहे, दोनदा कशाला घासायचं? फिल्टर काढून ठेवा. पाणी सर्वांत वरच्या जेटच्या वर येईल इतकं भरा आणि नळी फिल्टरच्या खड्ड्यातून सोडा, म्हणजे पंपात हवा कमी अडकते. तरी अडकलीच, पंप घुमतोय पण जेटमधून काहीच नाही, किंवा स्क्रीनवर फ्लोचा, म्हणजे पाणी वाहत नसल्याचा, कोड येतोय, तर वीज बंद करा आणि पंपाजवळचा मोठा युनियन नट (पाइप पंपाला जोडणारा) पाव फेरा सैल करा. फुस्स होऊन हवा निघेल, मागून पाणी ठिबकेल, लगेच आवळा. कोरडा पंप मात्र एक मिनिटही चालवू नका.

पाणी तापवा. कोमट पाण्यात थर लवकर सुटतो. इथे धीर लागतो: १००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज जाते, म्हणजे २ किलोवॅटचा हीटर १५ अंशांवरून ३८ ला पोचायला १३ तासांच्या वर घेणार, तेही कव्हर लावलेलं असेल तर.

पाणी तापल्यावर पर्ज टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढं. जेट पूर्ण वेगाने अर्धा तास. या अर्ध्या तासात डायव्हर्टरची (पाणी कुठल्या जेटकडे जाईल ते बदलणाऱ्या घुंडीची) प्रत्येक स्थिती फिरवून घ्या, म्हणजे पाणी प्रत्येक बैठकीच्या पाइपातून जाईल. हवेच्या घुंड्या पाच मिनिटं उघड्या, पाच मिनिटं बंद. ब्लोअर असेल तर तोही. हवेचे पाइप कोरडे असतात असा एक समज आहे. पंप बंद असताना पाण्याच्या पातळीखालच्या हवेच्या नळ्यांतही पाणी शिरून बसतं, त्यामुळे थर तिथेही असतो. त्यासाठीच मी जेट बंद करून पर्जचं पाणी रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पुन्हा अर्धा तास फिरवलं.

आता ते दृश्य. आधी पांढरा फेस येतो आणि तुम्हाला वाटतं, हात्तिच्या, एवढंच? दहाव्या मिनिटाला फेस पिवळट होतो. विसाव्याला तपकिरी. पाण्याच्या रेषेवर ओल्या मातीसारखा कडा जमतो, त्यात हिरवट-काळे ठिपके. जुना टॉवेल घेऊन तो कडा पुसत राहा, नाहीतर वाळून चिकटतो. टॉवेल नंतर धुवायच्या भानगडीत पडू नका, टाका. हातात मोजे हवेतच.

मग सगळं पाणी सोडा. वेट-ड्राय व्हॅक्यूम असेल तर प्रत्येक जेटच्या तोंडाला लावून आतलं उरलेलं पाणी ओढून घ्या. माझ्या टबातून असं अर्ध्या बादलीच्या वर निघालं, रंग काळ्या चहाचा. तेवढं आत राहिलं असतं तर पुढच्या भरण्यात तेच पेरलं गेलं असतं. पुन्हा भरा, पुन्हा पर्ज. घाण निघायची थांबेपर्यंत. नव्या टबाला एकदा पुरतं, जुन्याला दोन-तीनदा लागतं. एवढं पाणी ओतताना जीव तुटतो, मान्य. पण अर्धवट करून दर चौथ्या दिवशी ओतण्यापेक्षा हे एकूण पाणी कमीच.

पर्जचा शेवटचा फेस पांढरा राहिला की जंतूंची पाळी. ताजं पाणी भरून, पीएच ७.६ च्या खाली आणून क्लोरीन ५० पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम) न्या आणि किमान तासभर सगळे जेट आळीपाळीने फिरवा. हिशेब सोपा आहे. ५ टक्के ताकदीचं साधं द्रव ब्लीच १००० लिटरला १ लिटर, किंवा डायक्लोर ही क्लोरीनची पावडर सुमारे ९० ग्रॅम. ब्लीच सुगंध न घातलेलं आणि पातळच हवं. घट्ट केलेल्या ब्लीचने पुन्हा फेसाचा खेळ सुरू होतो. फार जुन्या बाटलीचा जोर उतरलेला असतो हेही ध्यानात ठेवा. कव्हर उघडं, उशा काढलेल्या. पीएचबद्दल मी हट्टी आहे त्याचं कारण असं, की ७.५ ला साधारण निम्मं क्लोरीन जंतू मारायच्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. ब्लीच टाकल्यावर पीएच चढतो, तेव्हा मधे एकदा बघा.

काही गोष्टींत मस्करी नाही. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र येता कामा नये, विषारी वायू तयार होतो. यात व्हिनेगरही आलं, म्हणजे क्षार काढायला वापरलेलं व्हिनेगर पूर्ण धुऊन मगच क्लोरीन. डायक्लोर किंवा ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट यांच्या पावडरी एकमेकींत मिसळल्या तर पेट घेऊ शकतात, चमचासुद्धा एकच वापरू नका. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या हॉट टबात तरंगत ठेवू नका. त्या फार आम्लधर्मी असतात, ॲक्रिलिक आणि हीटर दोन्ही खातात.

तासाभराने जेट बंद करा, पण पाणी लगेच सोडू नका. क्लोरीनचं पाणी झाडांना किंवा पावसाच्या गटारात नको. कव्हर काढून उन्हात राहू दिलं की क्लोरीन हळूहळू उडून जातं, चाचणीत ते उतरलेलं दिसलं की मग सोडा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट टाका, ते क्लोरीन निकामी करतं.

आणि आता, अगदी शेवटी, टब घासा. मऊ फडकं, क्षाराच्या डागांना निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी. खरखरीत घासणी नको, अमोनिया असलेला काच-क्लीनर तर मुळीच नको, कारण अमोनियाचं क्लोरीनशी जमत नाही. सुटे होणारे जेट काढून व्हिनेगरात भिजवा, टूथब्रशने मागून घासा, भरपूर पाण्याने धुवा.

कव्हर उलटं करून बघायला बहुतेक जण विसरतात. खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके असतील तर सौम्य ब्लीचने पुसून धुऊन टाका. पण उचलताना कव्हर दोन माणसांना पेलत नसेल तर आतल्या फोमने पाणी प्यायलंय. ते कव्हर वाळत नाही आणि वासही जात नाही. बदला. हवा भरायचे टब असलेल्यांनी पाइपांइतकंच लक्ष कापडाच्या शिवणीत आणि घड्यांत द्यावं, बुरशी तिथे लपते.

रात्रीची परीक्षा

नवा फिल्टर बसवून टब भरला. आधी क्षारता (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) ८० ते १२० पीपीएम, मग पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे, मग क्लोरीन. क्रम हाच ठेवा, नाहीतर पीएच हातात राहत नाही.

पाणी नितळ दिसतंय म्हणून लगेच उतरू नका, दिसण्यावर माझा आता विश्वास नाही. संध्याकाळी क्लोरीन ५ पीपीएमला आणून ठेवा. कुणी आत उतरायचं नाही, कव्हर बंद, पंप नेहमीच्या वेळापत्रकाने. ओझोनेटर (पाण्यात ओझोन सोडणारं यंत्र) असेल तर एका रात्रीपुरता बंद करा, कारण ओझोनही क्लोरीन खातो. सकाळी मोजा. ४ च्या आसपास राहिलं तर पाइप स्वच्छ. १ किंवा शून्य, तर आत कुणीतरी जेवायला बसलंय. गरम पाण्यात क्लोरीन थोडं उतरतंच, एका रात्रीत निम्म्याहून जास्त गेलं तर मात्र मी पुन्हा पर्ज करतो. क्लोरीनचा उग्र वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे असंही समजू नका. तो वास बहुतेकदा वापरून संपलेल्या, घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो.

वापर सुरू झाल्यावर क्लोरीन किमान ३ पीपीएम (ब्रोमीन असेल तर ४ ते ८) आणि तापमान ४० अंशांच्या वर नाही. रोज डायक्लोर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा: त्यातून येणारं सायन्युरिक आम्ल उडून जात नाही. १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ९ पीपीएम ते पाण्यात साठतं आणि क्लोरीनला मंद करतं. दोन महिन्यांनी ‘क्लोरीन बरोबर आहे पण पाणी बिघडतंय’ अशी तक्रार आली तर ते मोजा. उपाय एकच, पाणी बदलणं. मी तर सुरुवातीचे काही दिवस डायक्लोर आणि नंतर साधं ब्लीच असं करतो.

आता माझ्या चौथ्या फेरीचं. पर्ज तीनदा, ५० पीपीएमचा तास, नवा फिल्टर, सगळं झालं. क्लोरीन संध्याकाळी ५ पीपीएम, सकाळी २. पाणी इतकं नितळ की तळाचे स्क्रू मोजावेत, आणि आकडा मात्र २. एक रात्र आणखी पाहिली, पुन्हा तेच.

मग टबाच्या कडेने एक-एक घुंडी फिरवत निघालो. मागच्या कोपऱ्यात, उशीखाली, एक छोटा व्हॉल्व्ह होता. तो छोट्या धबधब्याचा. विकणाऱ्याने तो चालत नाही असं सांगितलं होतं, म्हणून मी कधी हातच लावला नव्हता. चारही वेळा तो बंद. जोर लावून उघडला. आधी खरखर, मग हवा, आणि मग नितळ पाण्यात तपकिरी धार, तिच्यात अख्ख्या नखाएवढे पापुद्रे. बायकोला हाक मारली तर ती म्हणाली, “चालतोय की धबधबा!”

पाचव्यांदा पर्ज केलं, या वेळी सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून. क्लोरीन संध्याकाळी ५, सकाळी ४.